गाजराचा भाव

सेलिना बजेल गाजरं काट्यावर ठेवते
आणि काट्याकडे न बघता
माझ्याकडे बघते.
किलोला सहा डॉलर.
शेजारच्या खोक्यात कॅलिफोर्नियाची,
सहा दिवस ट्रक, एक रात्र फेरी,
एका मापाची, धुतलेली, पिशवीत घामेजलेली,
अडीच डॉलर.
तिच्या गाजरांना पाय फुटलेले, एखाद्याला नाक,
आणि माती,
जी संध्याकाळी मलाच झाडावी लागते.

न्यूफाउंडलंडच्याही पुढच्या या बेटावर
दुकान एकच, ते माझं.
म्हणून मी मत ठेवत नाही, दोन्ही खोकी ठेवते.

शाळेतल्या नव्या बाई टोरांटोच्या.
त्या सेलिनाचीच घेतात,
आधी नाकाशी धरतात, डोळे मिटतात.
एफ्राइम पार्डीच्या घरात खाणारी तोंडं सात
आणि खेकड्यांचा हंगाम दहा आठवड्यांचा.
तो पिशवीतली घेतो,
आणि सेलिना दुकानात असली
तर पावाखाली सरकवतो.
तिला दिसतं.
मग तीही पावाकडेच बघत राहते.

इथे जमीन नाही, खडक आहे.
तिची माती तिने केलीय,
बेचाळीस वर्षं
किनाऱ्यावरचं शेवाळ पाठीवर वाहून,
लाटेने फेकलेले केपलिन मासे पुरून पुरून.
त्या सहा डॉलरांत तिची पाठ आहे.
मला पटतं. एफ्राइमलाही पटतं, त्यानेच एकदा सांगितलं.
पटतं त्या खिशातून मात्र पैसे निघत नाहीत.

मार्चात खाडीत बर्फ शिरला
आणि फेरी पलीकडेच थांबली.
पहिल्यांदा दूध गेलं, मग केळी,
मग अंडी. मग ज्या डब्यांवरची धूळ
मी कधी पुसली नव्हती, ते डबेही गेले.
सहाव्या दिवशी सेलिनाने
टेकडीत खणलेल्या तळघराचं दार उघडलं.
वाळूत निजवलेली गाजरं,
उलटी टांगलेली कोबी,
सलगम, बटाटे, पुन्हा सलगम.
घसरगाडीवर लादून ओढत आणलं सगळं.
भाव काय लिहू, मी विचारलं.
"लिहिलेलाच आहे की."
वाढवला नाही. कमीही केला नाही.
एफ्राइमचं मी वहीत मांडलं.

नवव्या दिवशी त्याची धाकटी
काट्यासमोर उभी राहून म्हणाली,
"आज पण सलगम?"
आणि कुणीच तिला गप्प केलं नाही.
बाईंनी गाजर उचललं, वास न घेताच पिशवीत टाकलं.
माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी
एप्रिल आला की हिरड्यांतून रक्त यायचं.
तेव्हा सगळंच आपल्या मातीतलं होतं.
कुणी त्याचं कौतुक करत नव्हतं,
दुसरं काही नव्हतंच.

बाराव्या दिवशी भोंगा वाजला.
मी खोकी फोडायच्या आत
रांगेत सगळ्यांच्या पुढे सेलिना.
दोन संत्री उचलली तिने,
मोरोक्कोचं स्टिकर असलेली.
नाकाशी धरली. डोळे मिटले.
गार्लंडच्या तोंडाला चव नाही महिनाभर,
हे तिने सांगितलं नाही, बेटाला माहीत होतं.
मग म्हणाली, "एक पावही दे."
सेलिना! जिच्या घरचा पाव
आठवड्यातून दोनदा अख्ख्या गल्लीला वासाने उठवतो!
दिला मी.
तिने तो संत्र्यांवर ठेवला, नीट, चारही बाजूंनी.

मागे एफ्राइम उभा होता.
त्याने पावाकडे पाहिलं.
मग खाली वाकून अडीच डॉलरची पिशवी उचलली
आणि तिच्यासमोरच,
उघडी,
काट्याशेजारी ठेवली.